नारेगावनं गाड्या अडवल्या, मग शहर शिकलं
(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आज आपण ज्या शहरात बसलोय, तिथलीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत. शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावात पडत होता. २०१८ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. रस्त्यांवर ढीग लागले, तेव्हा कुठं ओला-सुका वेगळा करायची गरज शहराला पटली.

या शहरात कचऱ्याचं काम करणाऱ्या नताशा झरीन आणि गौरी मिराशी यांनी ‘इकोसत्त्व’ ही संस्था काढली. पुढं महापालिका, छावणी परिषद आणि व्हेरॉक कंपनी यांच्यासोबत त्यांनी खाम नदीचं काम हाती घेतलं. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली ती याच नदीकाठी. त्या नदीचा शहरानं नाला केला होता. आता कचरा काढला, काठ मोकळे केले, देशी झाडं लावली. काम चांगलं आहे. शिकलेले लोक याला ‘रीजनरेटिव्ह’ अर्थव्यवस्था म्हणतात. म्हणजे काय, तर जिथून घेतलं तिथली झीज भरून द्यायची.

साथींनो, हे आपल्याला नवं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, सामूहिक वनाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क लिहिलाय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळवला. बांबूचा वाहतूक परवाना मात्र ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. मग बांबू गावानं विकला अन् पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला.

फरक इथंच आहे. नदीच्या कामात महापालिका आहे, कंपनी आहे. आपल्या जंगलात निर्णय ग्रामसभेचा. उद्या कुणी झाडं लावायची, कार्बनची योजना घेऊन आलं, तर चहा पाजा, पण आधी विचारा: सही कुणाची? पैसा कुणाच्या खात्यात? करार किती वर्षांचा? उत्तर ग्रामसभेत मिळालं पाहिजे, साहेबाच्या गाडीत नाही. करार मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

आणि आपलंही बघू. मोहफुलं, तेंदू, डिंक विकून आलेल्या पैशातला किती वाटा जंगलात परत जातो? वणवा रोखायला, रोपं जगवायला, राखणदाराच्या मजुरीला? या हंगामाआधी प्रत्येक गावानं तेवढा ठराव रजिस्टरला घ्यावा. ज्याचा हिशोब चोख, त्याला कुणी दाबू शकत नाही.

जोहार! जिंदाबाद!