पाळी आली म्हणून लेकराचं दूध तोडू नका

(इलाख्याच्या बैठकीत आम्ही मुलींनी मांडलेलं बोलणं. ज्या बाया येऊ शकल्या नाहीत, त्यांना गावात वाचून दाखवावं.)



 बायांनो, थोडं पुढे सरका. आजचं बोलणं तुमचं आहे, पण दादालोकांनीही उठून जायचं नाही.

सकाळपासून दाव्यांवर बोलणं झालं, हद्दीवर झालं, तेंदूपानाच्या पैशावर झालं. आता हे पाळीचं काय मधेच, असं कोणी म्हणेल. पण वनहक्क कायद्याचे नियम सांगतात की ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि आलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. वनहक्काच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. म्हणजे बाई नाही तर ग्रामसभा नाही. आणि तीच बाई लेकरू घेऊन चार-पाच दिवस गावाबाहेर कुर्म्यात बसली असेल, तर तिचं मत कोण विचारतं? म्हणून हा विषय इथेच मांडतो आहोत.

अंगावर पिणारं लेकरू आहे आणि पाळी सुरू झाली, अशा बाईचं काय करायचं, एवढंच आज बोलायचं आहे. प्रत्येक गावाची रीत थोडी वेगळी आहे, पण बायांचे प्रश्न सगळीकडे तेच आहेत.

पहिला प्रश्न असतो, बाळंतपणानंतर पाळी कधी येते? बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे जे अंगावरून जातं, ती पाळी नाही. ते आधी लाल, मग फिकट होत बंद होतं. खरी पाळी त्यानंतरची. लेकरू रात्रंदिवस अंगावर पीत असलं तर त्याच्या ओढण्यानेच पाळी लांबते. पेज, भात सुरू झाला, अंगावर पिणं कमी झालं, की पाळी परत येते. कोणाला तिसऱ्या महिन्यात येते, कोणाला लेकरू चालायला लागलं तरी येत नाही. दोन्ही बरोबर आहे. यात करणी नाही, कोणाची नजर नाही. सुरुवातीला ती मागेपुढे होते, एका महिन्यात येते, दुसऱ्यात नाही, कधी नुसते डाग पडतात. त्यासाठी पुजाऱ्याकडे कोंबडं नेण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न दुधाचा. पाळीतलं दूध लेकराला बाधतं, हगवण लागते, असं म्हणून काही घरांत दूध तोडतात, नाहीतर बकरीचं दूध आणि पाणी पाजतात. आम्ही स्पष्ट सांगतो, पाळीने दूध नासत नाही. दूध छातीत तयार होतं, पाळीचं रक्त गर्भपिशवीतून येतं. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. एवढं खरं आहे की पाळीच्या आधी एक-दोन दिवस आणि पाळीत काही बायांचं दूध थोडं कमी उतरतं, बोंडं दुखतात, लेकरू किरकिर करतं. त्याला उपाय एकच, जास्त वेळा पाजायचं. लेकरू जितकं ओढेल तितकं दूध येतं. दोन-चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. सहा महिन्यांपर्यंत लेकराला पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. हगवण लागते ती नाल्याच्या पाण्याने आणि न धुतलेल्या हाताने. पाळीचा कपडा बदलला की साबणाने नाहीतर राखेने हात धुवायचे, मग लेकरू घ्यायचं.

तिसरी गोष्ट अशक्तपणाची. एकीकडे लेकरू दूध ओढतं, दुसरीकडे रक्त जातं, आणि हीच बाई पहाटे मोह वेचायला, मे महिन्यात तेंदूपान तोडायला जाते. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक लोहाची गोळी सरकार फुकट देतं. आशाताईकडून मागून घ्या. गोळी चहासोबत घेऊ नका, जेवणानंतर घ्या, लिंबू किंवा आवळा खाल्ला तर ती जास्त लागू पडते. शौच काळी होते, त्याने घाबरू नका. पण ज्या बाईला सिकलसेलचा आजार आहे तिने आधी डॉक्टरला कार्ड दाखवावं, मगच लोहाची गोळी सुरू करावी. मुनग्याची पानं, तरोट्याची भाजी, नाचणीची आंबील, उडीद, अंडी, मासे हे तर आपल्याच गावातलं आहे. बाळंतिणीला अमुक चालत नाही, तमुक चालत नाही, असं म्हणून तिचं ताट रिकामं करू नका. अंगणवाडीत अमृत आहार योजनेत बाळंतपणानंतर एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. बाई कुर्म्यात असली म्हणून तिचं ताट बुडता कामा नये.

चौथी गोष्ट दादालोकांनी नीट ऐकावी. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं बरेच जण धरून चालतात. तीन गोष्टी एकत्र असतील तरच हे बऱ्यापैकी खरं आहे. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे, ते दिवसा आणि रात्री फक्त अंगावरच पीत असलं पाहिजे, आणि पाळी एकदाही आलेली नसली पाहिजे. यातली एक गोष्ट सुटली की भरवसा संपला. अंगात बीज आधी तयार होतं, पाळी त्यानंतर येते. म्हणून पाळी न दिसताच दिवस राहिलेल्या बाया आहेत. लेकरू वर्षाचं व्हायच्या आत दुसरं पोटात आलं तर आई, हातातलं लेकरू आणि पोटातलं लेकरू, तिघांचीही आबाळ होते. अंगावर पाजणाऱ्या बाईला निरोध चालतो, तांबी चालते, दीड महिन्यानंतर तीन-तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन चालतं. त्या इंजेक्शनने पाळी अनियमित होऊ शकते, हे आधीच समजून घ्यावं. माला-एन गोळी मात्र पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नये, दूध कमी होऊ शकतं. काय वापरायचं ते बाईने ठरवायचं आणि नवऱ्याने साथ द्यायची.

आता कुर्म्याचं. आजी लोक म्हणतात, पोरींनो, तेवढेच चार दिवस आम्हाला आराम होता, सरपण नाही, पाणी नाही, कांडण नाही. हे खोटं नाही. बाहेरचे लोक येऊन आपल्या रीतीला हसतात, ते आम्हालाही आवडत नाही. पण ज्या झोपडीला दार नाही, पावसात गळते, जमिनीवर साप-विंचू फिरतात, थंडीत नुसता वारा घुसतो, तिथे तीन महिन्यांचं लेकरू आईजवळ निजतं. त्या लेकराला सर्दीतून न्यूमोनिया झाला तर विटाळ पाळून काय मिळालं? आराम पाहिजेच, पण तो घरात, उबेत, जेवणासकट पाहिजे. आराम देणं ही रीत ठेवूया, गारठ्यात टाकणं सोडूया. हे पोलिसांनी किंवा साहेबांनी सांगून व्हायला नको, आपल्या ग्रामसभेने ठरवायला पाहिजे.

आणि दवाखान्यात कधी न्यायचं हेही ऐका. तासाभरात एक कपडा पूर्ण भिजतो, मोठ्या गाठी पडतात, घाण वास येतो, ताप येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर त्या दिवशीच बाईला न्यायचं. पाळी संपल्यावर, आंघोळ झाल्यावर नेऊ, असं थांबायचं नाही. गाडीला 108 वर फोन करा. तिला शिवून उचलावं लागेल, तर उचलायचं.

प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत हे ठराव मांडावेत, अशी आमची विनंती आहे:

1. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाळीत कुठे राहायचं ते तीच ठरवेल. घरी राहिली तर दंड नाही, बोलणं नाही.

2. जिथे कुर्मा घर आहे तिथे दार, खाट, छप्पर, उजेड आणि जवळ पाणी पाहिजे. पिण्याचं पाणी, अंगणवाडी, सामूहिक केंद्र यांसाठी वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन घेता येते. त्याचा उपयोग करा.

3. कपडे धुवायला आडोसा आणि वाळवायला उन्हाची जागा द्यावी. गवताखाली लपवून ओला राहिलेला कपडा वापरला की खाज, जखम होते.

4. अमृत आहाराचं ताट आणि लोहाच्या गोळ्या बाई असेल तिथे पोचवणं हे गावाचं काम.

5. पाळीतली बाई ग्रामसभेत बसेल, बोलेल, हात वर करेल. तिची सही, तिचा अंगठा तितकाच मोलाचा धरला जाईल.

जंगलावर आपला हक्क आहे म्हणून आपण वीस-वीस कोस चाललो, मोर्चात पाठीला लेकरं बांधून बाया चालल्या. त्यातल्या कितीजणी पाळीत होत्या हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि त्याने मोर्चा विटाळला नाही. मग घर कसं विटाळेल?

जोहार!