यूरियाची टाकी, आण्णांची दहा चाकी आणि इलेक्ट्रिक ट्रक

मागच्या भागात आपण इलेक्ट्रिक स्कूटरवर बोललो. त्यावर बरेच मेसेज आले आणि त्यातला एक जरा टोचला. ‘स्कूटरचं सोड, ट्रकबद्दल बोल. तुझ्या घरीच डिझेल जळतंय ना?’ जळतंय. सांगलीजवळच्या आमच्या गावात वडिलांच्या दोन गाड्या आहेत. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. एक दहा चाकी २०१२ ची, बीएस ३. दुसरी २०२१ साली कर्ज काढून घेतलेली, बीएस ६. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण माझी बीटेकची फी जुन्या गाडीनं भरली आहे. त्यामुळे या विषयावर मी तटस्थ आहे असं कुणी समजू नका.

आधी नियम काय आहे ते पटकन सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं. बीएस ४ वरून थेट ६ वर, मधली ५ नंबरची पायरी सरकारनं गाळूनच टाकली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. ट्रकच्या इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्याला आपण नॉक्स म्हणू, त्यांची मर्यादा एका युनिट कामामागे साडेतीन ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. म्हणजे जवळपास नऊ पट कमी. चाचणीची पद्धतही बदलली, त्यामुळे ही तुलना अगदी सरळ नाही, पण अंदाज यायला पुरे. ही काही कागदावरची करामत नाही. इंजिनाच्या मागे एक अख्खा छोटा केमिकल प्लँट बसवला, तेव्हा हे जमलं. काजळी अडवणारा फिल्टर, आणि त्याच्याबरोबर यूरियाची टाकी. टाकीत ३२.५ टक्के यूरिया आणि बाकी पाणी. ते गरम धुरात फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो आणि तो नॉक्सचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात करतो. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर सुंदर गोष्ट आहे.

आता ही सुंदर गोष्ट खंबाटकी घाटात काय करते ते ऐका.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमची बीएस ६ हळद भरून वाशीला निघाली होती. गाडीवर आमचे मामा. सख्खे मामा नव्हेत, पंधरा वर्षं आमच्याकडे ड्रायव्हर आहेत, घरात सगळे त्यांना मामाच म्हणतात. घाटाच्या आसपास डॅशबोर्डवर दिवा लागला. नॉक्स मोजणारा सेन्सर गेला होता. आता कॉम्प्युटरला वाटतं, धूर साफ होत नाहीये. मग तो आधी इंजिनाची ताकद कमी करतो आणि तरी दुरुस्त केलं नाही तर गाडीला ताशी वीसच्या वर जाऊच देत नाही. हे बिघाडामुळे होत नाही, नियमच तसा आहे. मालकानं दुर्लक्ष करू नये म्हणून मुद्दाम ठेवलाय. मामा २७ टन वजन घेऊन घाटात, मागे हॉर्नचा गोंगाट, वरून पाऊस. गाडी दोन दिवस उभी राहिली. हळदीला ओल लागली म्हणून व्यापाऱ्यानं भाड्यातून पैसे कापले. सेन्सरचं बिल तीस हजारांच्या आसपास.

तीन महिन्यांनी तोच सेन्सर पुन्हा गेला. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं आण्णांना सांगितलं, ‘शेठ, कशाला त्रास करून घेताय? एक डबी बसवतो. यूरिया बंद. कॉम्प्युटरला कळत पण नाही.’

रात्री आण्णांचा फोन आला. ‘आरं, तू कॉम्प्युटरवाला ना? ही डबी काय भानगड आहे?’

डबी म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं. ती गाडीच्या कॉम्प्युटरला खोटे आकडे पुरवते. यूरिया फवारला जातोय, नॉक्स कमी आहे, सगळं झकास. माझ्या धंद्यात याला आम्ही मॉक डेटा म्हणतो. हसू नका, फोक्सवॅगननं हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं, ते २०१५ मध्ये उघडकीला आलं. चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या एक कोटीहून जास्त डिझेल गाड्यांत टाकलं. चाचणीत गाडी साफ, रस्त्यावर काही गाड्यांचा नॉक्स मर्यादेच्या चाळीसपट. तो कोड लिहिणारे माझ्यासारखेच कुणीतरी होते, एसीत बसून.

आण्णांनी पुढचा प्रश्न विचारला. ‘पीयूसीत सापडतंय का?’

मी शोधलं. आणि खरं उत्तर दिलं, नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. ॲक्सिलरेटर दाबायचा, नळी लावायची, प्रकाश किती अडतो बघायचं. नॉक्स तिथे मोजलाच जात नाही. तो डोळ्याला दिसतही नाही.

आण्णांनी डबी बसवली. मी नको म्हणालो नाही. हप्ता चालू होता, घाटातलं प्रकरण ताजं होतं, आणि मीच तर सांगितलं होतं की पकडत नाहीत. सात-आठ महिने ती गाडी तशीच पळाली. आता काढलीय, आणि हे मी आण्णांना विचारून सांगतोय. काढली त्यामागे काही पर्यावरणप्रेम नव्हतं. यूरिया फवारला गेला नाही, तो नळीत आणि इंजेक्टरमध्ये साचून त्याचे खडे झाले. पुढे टाकी गळायला लागली, तेव्हा फिटरनं सगळं उघडून दाखवलं. त्या दुरुस्तीचं बिल सेन्सरपेक्षा बरंच मोठं होतं.

म्हणून कुणी ‘बीएस ६ डिझेल आता इलेक्ट्रिकइतकंच स्वच्छ आहे’ म्हणालं, की मला आमची गाडी आठवते. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती स्वच्छ होतीच. पाचव्या वर्षी ती किती स्वच्छ आहे हे आपल्याकडे रस्त्यावर कोण मोजतं? इलेक्ट्रिक ट्रकच्या बाजूनं मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे. त्याला धुराची नळीच नाही, त्यामुळे डबी बसवायला जागाच नाही.

आता दुसरी बाजू. मागच्या भागाखालीच एकानं लिहिलं होतं की इलेक्ट्रिक म्हणजे धूर मुंबईतून उचलून चंद्रपूरला नेऊन टाकणं. हे टाळीचं वाक्य आहे, पण त्यात तथ्यही आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि ते कोळशावरच चालतं. मी साधा हिशोब केला. दहा चाकीचं ॲव्हरेज भरल्या लोडला चारचं धरा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला पाऊण किलोच्या जरा खाली. तेवढ्याच वजनाच्या इलेक्ट्रिक गाडीला किलोमीटरला एक-सव्वा युनिट लागतं असं धरलं, आणि आपल्या देशातल्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो, तर उत्तर पुन्हा पाऊण किलोच्या आसपासच येतं. तेल काढण्या-शुद्ध करण्यातला कार्बन डिझेलच्या खात्यात टाकला तर इलेक्ट्रिक किंचित पुढे. बास. आजच्या आज, आजच्या ग्रिडवर, कार्बनच्या बाबतीत सामना बरोबरीत आहे. फरक पुढच्या दहा वर्षांत पडतो. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढले की तीच गाडी आपोआप स्वच्छ होत जाते. आमची बीएस ६ मात्र वर्षागणिक घाणच होणार.

आणि चंद्रपूरवाल्या मित्रा, तुझ्या बाजूनं आणखी एक. ११ जुलै २०२५ ला केंद्रानं पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला अनुदान जाहीर केलं, सगळ्यात मोठ्या गाडीला ९ लाख ६० हजारांपर्यंत. त्याच जुलै महिन्यात देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना गंधकाचा वायू शोषणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून सूट मिळाली. एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. ट्रकवाल्यावर नियम लावायचा तर चिमणीवाल्यावर का नाही, हा प्रश्न आण्णांच्या बुकिंग ऑफिसमधला कुणीही विचारेल.

बरं, आता घाट. मला इलेक्ट्रिकच्या प्रेमात पाडलं ते बोरघाटानं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि वाशी जवळजवळ शून्यावर. आमची हळद, बेदाणा, सगळं भरल्या गाडीनं घाट उतरतं. २८ टन वजन साडेपाचशे मीटर खाली येतं तेव्हा किती ऊर्जा सुटते? बारावीचं फिजिक्स, एमजीएच. उत्तर येतं सुमारे ४२ युनिट. आपल्या घरात आठवडाभर पुरेल एवढी वीज. डिझेल गाडीत ती सगळी ब्रेक आणि इंजिनाच्या ओढीत उष्णता होऊन जाते. लायनरचा जळका वास घाटात सगळ्यांनी घेतलाय. इलेक्ट्रिक गाडीत मोटर उलटी जनरेटर होते, आणि यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा बॅटरीत परत येऊ शकते. अट एकच, लोणावळ्यात बॅटरी फुल्ल करून घाट उतरायचा नाही, नाहीतर परत आलेली वीज ठेवायला जागा राहत नाही.

(जाता जाता, उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी. आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना डिझेल शून्य जातं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळतं. ब्रेक जातात ते वेगळंच.)

हे आण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे उतारावर पैसे परत मिळतात म्हणतोस.’ पहिल्यांदाच त्यांना त्यात रस वाटला.

मग आम्ही दोघांनी शीट भरली. इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा चाळीस लाखांनी महाग धरली. चाळीस लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी महिना ८६ हजार. अनुदान धरलं तर थोडा कमी. आमची गाडी महिन्याला पाच हजार किलोमीटर चालते, त्याहून जास्त भाडं मिळत नाही. डिझेल किलोमीटरला साडेबावीस रुपये. रस्त्यावरच्या चार्जरवर १८ रुपये युनिट धरलं तर महिन्याला वाचतात साधारण बारा-पंधरा हजार. तेच चार्जिंग स्वतःच्या आवारात नऊ रुपयांनी झालं तर साठ हजारांच्या वर. म्हणजे सगळा खेळ गाडीचा नाहीच, प्लग कुणाच्या दारात आहे त्याचा आहे. ज्या कंपनीचं गोदाम ते बंदर असं ठरलेलं भाडं आहे, दिवसाला तीन फेऱ्या आहेत आणि आवारात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, तिला हे आज परवडतं. न्हावाशेवा बंदरात २०२५ मध्ये बॅटरी अदलाबदलीच्या ट्रकांचा ताफा सुरू झाला, तो याच हिशोबानं. गाडी आवाराबाहेर फारशी जातच नाही.

एक-दोन गाड्यांच्या मालकाचं काय? वाशीत आमची गाडी माल उतरेपर्यंत अर्धा दिवस उभी असते. मग परतीच्या भाड्यासाठी आणखी एक रात्र. लोक म्हणतात इलेक्ट्रिक ट्रकला चार्जिंगला वेळ जातो. वेळ आमच्याकडे ढीगभर आहे! गाडी जिथे उभी राहते तिथे चार्जर नाही, अडचण ही आहे.

आता जुन्या गाडीचं. अनुदानाला भंगाराचा दाखला लागतो, म्हणजे जुनी डिझेल गाडी अधिकृत केंद्रात मोडल्याचा कागद. आमच्या २०१२ च्या गाडीचे भंगारात तीन लाख येतात. तालुक्यातला एक वीटभट्टीवाला साडेपाच द्यायला तयार आहे. दिल्लीनं १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या नोंदणीच्या बीएस ३ मालगाड्यांना प्रवेश बंद केला. चांगलं केलं. पण दारं बंद झाली म्हणून गाड्या मोडत नाहीत, त्या अशाच भट्टीवर, वाळूवर, उसावर जातात. ती भट्टी आमच्या गावच्या शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. मी त्याच शाळेत शिकलोय.

मी आण्णांना म्हणालो, अडीच लाखांचा फरक मी देतो, भंगारात घाला. ते म्हणाले, ‘तू देशील. बाकीच्यांची पोरं पुण्यात नाहीत.’ मग म्हणाले, बघू. गाडीचं पासिंग मार्चपर्यंत आहे.

परवा पुन्हा फोन आला. इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन त्यांनी स्वतःच मागवलं होतं, मला न सांगता. ‘सगळं वाचलं,’ म्हणाले. ‘वाशी मार्केटात रात्री गाडी लावतो तिथनं चार्जर किती लांब आहे तेवढं बघून सांग, आणि ट्रेलर आत वळतोय का ते पण.’ शनिवारी मी स्वतः जाऊन बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी त्या भागात ट्रक चार्ज करत असेल, तर युनिटचा दर आणि रांगेतला वेळ, दोन्ही लिहून पाठवा. शीटमधला तो रकाना अजून रिकामा आहे.