पॅनेलचं तोंड कुणीकडे?



पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सोलर बंब बसवला, तेव्हा बसवणाऱ्यानं पॅनेलचं तोंड रस्त्याकडे केलं. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, साहेब." रस्ता घराच्या उत्तरेला. एप्रिल-मेमध्ये नळाला हात लावायची सोय नव्हती. डिसेंबर आला आणि बंबातलं पाणी कोणतं नि माठातलं कोणतं, हे कळेना. मी टाकीला दोष दिला, पाइपांना दिला, पाण्यातल्या क्षारांनाही सोडलं नाही.

सूर्याकडे मात्र पाहिलं नव्हतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. त्या वेळी ३३ अंश कलतं पॅनेल दक्षिणेकडे असेल, तर त्यावर ऊन जवळजवळ काटकोनात पडतं. शंभरातलं नव्व्याण्णव पदरात पडतं. तेच पॅनेल आडवं ठेवलं तर चौऱ्याहत्तर. आणि आमच्यासारखं उत्तरेला कललेलं असेल तर सव्वीस!

हे ३३ अंश कुठून आले? अक्षांशात पंधरा-एक मिळवायचे. हा हिशेब हिवाळ्याचा. जूनमध्ये पुण्याचा सूर्य माथा ओलांडून थोडा उत्तरेला जातो, तेव्हा हे पॅनेल बरंच ऊन सोडून देतं. सोडू द्या. जूनमध्ये कढत पाणी हवंय कुणाला? वीज करणाऱ्या पॅनेलची गोष्ट वेगळी. वीज बारा महिने लागते, म्हणून तिथं कल अक्षांशाच्या आसपास, अठरा-वीस अंश. त्यावर गच्चीवरच्या टाकीची सावली मात्र पडू देऊ नका. कोपऱ्यातल्या चार पेशी झाकल्या, तरी अख्खी रांग मंदावते.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. पॅनेल दोन मीटर लांब असेल, तर वरचं टोक खालच्यापेक्षा एक मीटर नऊ सेंटिमीटर उंच आलं की झाले ३३ अंश.

दिशेसाठी मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. गच्चीवरच्या लोखंडाजवळ ते फसतं. गवंड्याचा ओळंबा घ्या. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणे चौऱ्याहत्तरच्या जरा अलीकडे. त्यामुळे इथली खरी दुपार बाराला होतच नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर पडेल, ती नेमकी दक्षिणोत्तर. खडूनं रेघ ओढून ठेवा. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकूच्या सावलीवरून दिशा काढायची रीत सांगितली आहे. त्याच घराण्यातली ही युक्ती.

आम्हीही खडूची रेघ ओढली आणि पॅनेल फिरवून घेतलं. आता ते रस्त्याकडे पाठ करून उभं आहे. डिसेंबरातही आंघोळीच्या पाण्यात विसण घालावं लागतं.