हसवणारी बाई
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी बोलायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादी समाजसेविका असावी. मी मात्र निवडली आहे एक विनोदी नटी. का निवडली, ते शेवटी सांगेन.

मँचेस्टर म्हटले की आपल्या आज्यांना विलायती कापड आठवे. त्याच गिरण्यांच्या मुलखात, प्रेस्टविच येथे, १९ मे १९५३ रोजी व्हिक्टोरिया वुड यांचा जन्म झाला. चार भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. बरी गावाबाहेर टेकडीवर त्यांचे घर होते. घरात माणसे होती, पण जो तो आपापल्या खोलीत. पुस्तके, पियानो आणि खाणे हीच या मुलीची सोबत. अंगाने स्थूल, स्वभावाने बुजरी. पंधराव्या वर्षी रॉचडेलच्या तरुणांच्या नाट्यशाळेत गेली, तेव्हा कुठे तिला आपली माणसे भेटली.

पुढे बर्मिंगहॅमला नाट्यशिक्षण झाले. १९७४ साली दूरचित्रवाणीवरच्या 'न्यू फेसेस' या स्पर्धेत त्या चमकल्या. पण त्यानंतर कित्येक वर्षे हाताला पुरेसे काम नव्हते. ज्यूली वॉल्टर्स ही मैत्रीण मिळाली आणि गाडी रुळावर आली. एकीने लिहावे, दुसरीने ते जिवंत करावे, अशी ही जोडी. १९८५ साली बीबीसीवर व्हिक्टोरियाबाईंचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. १९९३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी एकटीने पंधरा रात्री खेळ केले. तेवढ्या प्रचंड सभागृहात रंगमंचावर एक बाई आणि एक पियानो!

भगिनींनो, विनोद म्हटला की बायको उधळी, सासू खाष्ट, जाडी बाई हास्यास्पद, हे तिकडेही होते आणि इकडेही आहे. व्हिक्टोरियाबाईंनी बायकांवर विनोद केला नाही. बायकांच्या तोंडून केला. १९९८ ते २००० या काळातली त्यांची 'डिनरलेडीज' ही मालिका घ्या. मँचेस्टरच्या एका कारखान्याचे कँटीन, आणि तिथे टोस्ट भाजणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या बायका. एवढाच पसारा. कुणाची दुखरी कंबर, कुणाची म्हातारी आई, कुणाचे चुकलेले लग्न. हात कामात आणि तोंड गप्पांत. सोळाही भाग बाईंनी स्वतः लिहिले. शुक्रवारी प्रेक्षकांसमोर चित्रण करायचे, उणे दिसेल ते सुधारायचे आणि शनिवारी पुन्हा करायचे. मुख्य भूमिका त्यांचीच, परंतु हशा पिकवणारी वाक्ये मात्र त्या खुशाल इतरांना देत. भरल्या ताटातला चांगला घास दुसरीला वाढणे आपल्याला ठाऊक आहे. नटमंडळींत ते दुर्मीळ.

२००६ साली त्यांनी 'हाउसवाइफ, ४९' हे नाटक दूरचित्रवाणीसाठी लिहिले. नेला लास्ट या बॅरो गावच्या खऱ्या गृहिणीच्या रोजनिशीवर ते आधारलेले आहे. मनाने खचलेली, नवऱ्याच्या अबोल्यात कोंडलेली ही बाई महायुद्धाच्या काळात स्त्रियांच्या सेवासंघात जाऊ लागते आणि हळूहळू माणसात येते. ती भूमिकाही व्हिक्टोरियाबाईंनीच केली. त्या नाटकाने त्यांना अभिनयाचा आणि नाटकाचा असे दोन बाफ्टा पुरस्कार मिळवून दिले.

२० एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०१९ साली बरी गावाने त्यांचा पुतळा उभारला.

आता कारण सांगते. आमचे हे गेले, त्यानंतर वर्षभर मी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. हळदीकुंकवाला कोण बोलावणार, अशी मनात अढी. शेजारच्या वहिनींनी मला ओढून याच दिवाणखान्यात आणले, आणि सांत्वनाचा एक शब्दही न बोलता पुढ्यात मटाराची रास ओतली. सोलता सोलता कुणीतरी काही बोलले आणि मी हसले. माझे मलाच नवल वाटले. पुढे भाचीने नेलाबाईंचे ते नाटक दाखवले, तेव्हा मला हाच दिवाणखाना दिसला.

म्हणून सांगते, कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी दिसली तर तिला उपदेश करू नका. तिच्या हाती काम द्या आणि तिला हसवा.