करकर थांबेपर्यंत धीर धरू या

आम्ही काही जणी गावातल्या मुलामुलींना व्हायोलिन शिकवतो. आज त्याबद्दलच बोलणार आहोत. ज्यांच्या घरात व्हायोलिन नाही, त्यांनीही ऐका. कारण गोष्ट धीराची आहे, आणि ती आपल्याला रोजच लागते.

पेटीची पट्टी दाबली की सूर आपोआप येतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनवर मात्र कुठलीच खूण नसते. चार तारा, खाली गुळगुळीत पट्टी. बोट जरासं सरकलं तरी सूर बिघडतो. म्हणून सूर आधी कानात बसावा लागतो, मग बोटात. दुसऱ्या हातात गज. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात, त्यावर राळ घासायची. गज दाबला तर करकरतो, हलका धरला तर तारेवरून घसरतो.

त्यामुळे सुरुवातीचे काही महिने घरात नुसती करकर ऐकू येते. आणि नेमकं तेव्हाच शिकणं सुटतं. कोणी म्हणतं, "बंद कर ती कटकट." मुलगा असला तर तो ओट्यावर जाऊन वाजवतो. मुलगी असली तर तिच्या हाती भांडी येतात. चार दिवस राहिलं, आठ दिवस राहिलं, की व्हायोलिन माळ्यावर जातं.

जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८ ते १९९८) नावाचे व्हायोलिनचे शिक्षक होऊन गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक मूल आपली मातृभाषा शिकतंच. कसं? दिवसभर ती कानावर पडते. बोबडं बोललं तरी आई रागवत नाही, उलट हसून पुन्हा बोलायला लावते. नवा शब्द आला म्हणून जुना कोणी टाकून देत नाही. संगीतही असंच शिकवावं, असं ते सांगत. त्यांच्या पद्धतीत आधी आई एखादी धून वाजवायला शिकायची. आई वाजवते हे पाहून मूल आपणहून म्हणायचं, "मला पण दे."

आपल्याला व्हायोलिन येत नसलं तरी चार गोष्टी करता येतात.

पहिली, ऐकवणं. स्वयंपाक करताना मोबाईलवर तीच धून रोज लावा. मूल वेगळं बसून ऐकत नसलं तरी कान आपलं काम करतो.

दुसरी, थोडं पण रोज. लहान मुलाला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. एका वाटीत दहा चिंचोके ठेवा. ओळ एकदा वाजवली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. मोजायला मूल स्वतःच उत्सुक असतं.

तिसरी, ओळखीचं गाणं. आम्ही भोंडल्याच्या गाण्यांपासून सुरुवात करतो. चाल आधीच तोंडात असते, मग बोट चुकलं की मुलीला आपणहून कळतं. गज कसा ओढायचा ते सांगताना आम्ही रांगोळीची रेघ दाखवतो. चिमूट सारखी सुटली तर रेघ सारखी, तसाच गज.

चौथी, नेमकं कौतुक. "छान" म्हणून सोडून देऊ नका. "आज शेवटचा सूर लांब टिकला," असं सांगा. त्यासाठी शेजारी बसून ऐकावं लागतं, इतकंच.

घरातून घरात विद्या कशी जाते, याचं आपल्याच देशातलं उदाहरण म्हणजे डॉ. एन. राजम. १९३८ साली जन्मलेल्या राजमताईंना पहिले धडे वडिलांनी दिले. पुढे त्या पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. गळा जसा गातो तसं व्हायोलिन वाजावं, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. त्यांची मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही व्हायोलिनच वाजवतात. आजी, आई, नाती, तीन पिढ्या एका मंचावर बसतात.

आपल्या सगळ्या मुली मंचावर जातील असं नाही. पण रोज थोडं केलं की हाताला वळण लागतं, आणि हे तिला एकदा स्वतः अनुभवू द्या. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू या: शिकणाऱ्या मुलीची पंधरा मिनिटं तिचीच. तेवढ्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही. भांडी पंधरा मिनिटं थांबतील.