दुवा दाबला, पण फाइल येईना

आमच्या आईने अखेरच्या वर्षी वसईच्या सामवेदी बोलीत सांगितलेल्या गोष्टी धाकट्या भावाने ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी येथे उज्जैनला आम्हीही त्या ऐकाव्यात, म्हणून त्याने एक दुवा धाडला. तो एफ.टी.पी. या फाइली पोचविण्याच्या रीतीचा होता. माझ्या लिनक्स संगणकावर मी तो दाबला. काहीच घडेना! फाइली आणणारा स्वतंत्र प्रोग्राम तर संगणकावर होता.

ही रीत जुनी. तिचा पहिला आराखडा अभय भूषण या कानपूरच्या आय.आय.टी.तून निघालेल्या अभियंत्याने अमेरिकेत असताना १९७१ साली लिहिला. पुढे ब्राउझरच हे काम करू लागले. परंतु या रीतीत संकेतशब्दसुद्धा उघडाच प्रवास करतो, आणि तिचा वापरही ओसरला होता. फायरफॉक्स व क्रोम या दोहोंनी २०२१ साली तिला निरोप दिला. आता ब्राउझर असा दुवा स्वतः उघडीत नाही. तो लिनक्सच्या हवाली करतो. कोणत्या जातीचा दुवा कोणत्या प्रोग्रामाकडे द्यावयाचा, याची नोंद लिनक्सपाशी असते. माझ्याकडे ती नोंदच नव्हती. मी मात्र दोन दिवस इंटरनेटवाल्यास बोल लावीत बसलो!

‘एक्स-डी-जी-माइम’ या आज्ञेने मी ती नोंद केली. आता प्रोग्राम उघडला, पण खिडकी रिकामीच. वस्तुतः खरी मौज येथेच होती. अशा प्रोग्रामाची ‘डेस्कटॉप’ नावाची एक लहानशी फाइल असते. तीत ‘एक्झेक’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ प्रोग्राम कसा सुरू करावा हे सांगते. त्या ओळीच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह आणि त्यास जोडून इंग्रजी लहान यू हे अक्षर हवे. त्या जागी दुव्याचा पत्ता बसतो. माझ्या फाइलीत ते नव्हते. म्हणजे नोकरास बाजारात पाठविले, पण काय आणावयाचे ते सांगितलेच नाही! मूळ फाइलीस हात न लावता तिची प्रत मी माझ्या घरच्या फोल्डरात, ‘लोकल’, ‘शेअर’, ‘ॲप्लिकेशन्स’ या वाटेने ठेविली आणि तीत ती दोन अक्षरे घातली. नाव तेच असल्याने लिनक्स हीच प्रत आधी पाहते.

स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री सर्व फाइली आल्या. पहिल्याच फाइलीत आई भावास विचारीत होती, यंत्र चालू झाले काय? संकेतशब्द झाकून नेणारी एस.एफ.टी.पी. ही रीत यापुढे वापर, असे मी भावास कळविले आहे.