हेल्मेटमधला आवाज
(स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या रॅलीबद्दल बोल.’ रॅली म्हटलं की आपल्याकडे आधी मोर्चा आठवतो, म्हणून खुलासा करतो. ही मोटारींची शर्यत. वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर, बहुतेकदा कच्च्या, एक-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सोडतात. स्पर्धा घड्याळाशी. गाडीत दोघं असतात, एक चालवतो आणि दुसरा वाचतो. मी वाचणारा. घरचे विचारतात, ‘शेजारी बसून सूचना द्यायचे पैसे मिळतात?’ मिळत नाहीत, उलट जातात.

वाचायच्या त्या पेस नोट्स. आदल्या दिवसांत त्याच रस्त्यावरून हळू जाऊन प्रत्येक वळण वहीत उतरवायचं. ‘लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट, फिफ्टी, राइट टू, डोन्ट कट.’ म्हणजे उंचवट्यावरून डावं मध्यम वळण, मग पन्नास मीटर, मग उजवं तीव्र, आणि आतून कापू नकोस, तिथे दगड आहे. पाचवीत श्रुतलेखन घालणाऱ्या बाई आठवतात? आपण मागचे दोन शब्द उतरवत असतानाच त्यांचं पुढचं वाक्य सुरू व्हायचं. माझं काम तेच आहे. ड्रायव्हर एका वळणात असतो, तेव्हा त्याच्या कानात पुढचं पडायला हवं. लवकर सांगितलं तर विसरतो, उशिरा सांगितलं तर उपयोग नाही.

पण पडणार कसं? वजन कमी करायला गाडीतलं अस्तर, गालिचे, आवाज अडवणारं सगळं काढून टाकलेलं. खालून पत्र्यावर खडी आदळते, गिअरबॉक्स किंचाळतो. म्हणून हेल्मेटमध्येच कानाशी स्पीकर आणि तोंडापुढे दांडीवर माइक. दोघांच्या वायरी गाडीत बसवलेल्या एका छोट्या अॅम्प्लिफायरला जोडायच्या. या माइकची गंमत सांगतो. त्याच्या पडद्याच्या दोन्ही बाजू उघड्या असतात. गाडीचा गोंगाट दोन्हीकडून जवळजवळ सारखाच येतो आणि बराचसा एकमेकाला खोडतो. ओठांजवळचा आवाज एकाच बाजूने जोरात येतो, तो उरतो. म्हणून माइक ओठांना टेकेल इतका जवळ हवा. बोटभर लांब गेला, तर ड्रायव्हरला माझ्याऐवजी खडी ऐकू येते.

शिवाय खांद्यावर हॅन्स नावाची चौकट असते, हेल्मेट तिला पट्ट्यांनी बांधलेलं. धडकेत धड सीटच्या पट्ट्यांनी अडतं, पण डोकं पुढे झेपावतं आणि मानेवर जीवघेणा ताण येतो. ती झेप ही चौकट रोखते. अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे शर्यतपटू मेहुणे जिम डाउनिंग यांची ही देणगी. पण चौकट, पट्टे आणि सीटचे कान यांमुळे शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही. सगळा भरवसा आवाजावर.

आणि आवाज पोचला म्हणजे ऐकला गेला, असंही नाही. १९५५ साली इटलीत मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचे पत्रकार बसले होते. त्यांनी रस्त्याच्या नोंदी पंधरा फुटांहून लांब कागदाच्या गुंडाळीवर लिहिल्या आणि ती एका डबीत बसवली. बोलण्यासाठी इंटरकॉम करून पाहिला होता. यंत्र चाललं, पण मॉस जीव तोडून चालवू लागले की त्यांना शब्द ऐकूच येईनात, सगळं लक्ष डोळ्यांत! शेवटी हाताच्या खुणा ठरवल्या. सुमारे १६०० किलोमीटर त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले आणि जिंकले.

ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या एका स्टेजवर मी घाण केली. सुरुवातीच्या रेषेवर मी विचारलं, ‘ऐकू येतंय?’ त्याने अंगठा दाखवला, मी घड्याळाकडे वळलो. माझ्या हेल्मेटची वायर जोडात अर्धवट बसली होती. सहाव्या किलोमीटरला हादऱ्याने ती निसटली. माझा आवाज मला माझ्या डोक्यात ऐकू येतच होता, त्यामुळे मी वाचत राहिलो. ‘राइट टू’ मी वेळेवर म्हणालो. ते मीच ऐकलं.

गाडी दोनदा उलटली आणि चाकांवर उभी राहिली. मी विचारतोय, ‘बरा आहेस ना? अरे, बोल ना!’ उत्तर नाही. तो गेला, असंच मला वाटलं. त्या सात-आठ सेकंदांबद्दल मी घरी आजवर बोललेलो नाही. मग त्याचा हात आला आणि माझी लोंबणारी वायर त्याने माझ्या डोळ्यांपुढे धरली.

रोडबुकमध्ये एका पानावर लाल अक्षरांत ‘एसओएस’ असतं, दुसऱ्या बाजूला हिरव्यात ‘ओके’. मागून येणाऱ्या गाडीला यांतलं एक दाखवायचं. लाल दिसलं तर ती थांबते. मी हिरवी बाजू धरली आणि ती हिरवीच आहे ना, हे तीनदा उलटून पाहिलं. त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं, ते तासाभराने कळलं.

चूक माझी होती. तो कधी बोलला नाही, आणि पुढच्या हंगामात मलाच शेजारी बसवलं. आता रेषेवर अंगठा चालत नाही. मी एक आकडा म्हणतो आणि त्याने तो परत म्हणायचा. मग तो म्हणतो आणि मी.

ते हेल्मेट आज आणलंय, बाहेरच्या टेबलावर आहे. वरून धड दिसतं, पण आतला फोम एकदाच दबतो, परत फुगत नाही, म्हणून ते आता वापरायचं नाही. मुलांना डोक्यात घालून बघू द्या. वायर मात्र ओढू नका, तिचा जोड अजून सैलच आहे.